गावच्या शिवेत मिळून आला नाही

बाबा,

तुमचा कागद त्या दिवशी निघाला होता. पलटणीच्या दारासमोर लिंबाच्या झाडाखाली तुम्ही मला विचारलं होतं, "माहा कागद निंगाला काय रे तिथं?" आणि मी म्हणालो होतो, "नाही बाबा, कोनाच्या ध्यानातबी नव्हता." ते खोटं होतं. सगळ्यात आधी तोच निघाला. साहेबानं तो टेबलावर ठेवला, मराठी वाचता येणारा एक हवालदार बोलावला, आणि त्यानं तुमची ओळ मोठ्यानं वाचून मग हिंदीत सांगितली. तुम्ही होते तोवर हे सांगायची माझी छाती झाली नाही. तुम्ही गेले तेव्हा वाटलं, चला, आता कोणाला सांगायचं राहिलं नाही, मिटलं. काही मिटलं नव्हतं. आज दुपारी जेवण झाल्यावर घरातली सगळी लोहाऱ्याला पाहुण्यांकडे गेली आहेत, ओसरीवर मी एकटा आहे, म्हणून लिहायला बसलो. "बोलाचं वऱ्हाडी, लिहाचं सरकारी," असं तुम्ही म्हणायचे. जमेल तसं सरकारी लिहितो. मधेमधे घसरलो तर घसरलो.

मला फौजेतून काढलं तेव्हा माझ्या नोकरीच्या पुस्तकात एक शब्द लिहून दिला होता, बडतर्फ. नोकरी मोजून पाच वर्षांची, पेन्शनीचा प्रश्नच नव्हता. पण त्या एका शब्दापायी मी कोणीच राहिलो नाही. फौजी नाही, माजी सैनिक नाही. गावात दुसरा शब्द चालला, भगोडा. तोंडावर कोणी म्हणायचं नाही, कारण मी पोलीस पाटलाचा पोरगा. तुम्ही गेल्यावर तोंडावरही म्हणू लागले. मी मनाला लावून घेतलं नाही असं दाखवलं. शेत पाहिलं, पोरं मोठी केली, तूर-सोयाबीनच्या भावावर लोकांशी भांडलो. पण बाबा, पस्तीसेक वर्षांत एकदाही आर्णीच्या बाजारात कोणी "कुठं होते तुमी फौजेत?" असं विचारलं की मी सरळ उत्तर दिलेलं नाही. चहावाल्याला हाक मारायची, नाहीतर विषय पावसावर न्यायचा, हेच माझं उत्तर.

दर झेंडावंदनाला शाळेच्या मैदानात पुढं खुर्च्या टाकतात. गावातले तीन माजी सैनिक तिथं बसतात, त्यांना गुलाबाचं फूल आणि नारळ देतात. मी मागं पाण्याच्या टाकीजवळ उभा राहायचो. तिथून झेंडा दिसतो आणि खुर्च्या दिसत नाहीत. दोन वर्षांमागं नवी सरपंच आली, दारव्ह्याकडची लेक, लग्न होऊन आलेली, तिला जुनं काही ठाऊक नाही. कोणीतरी सांगितलं असेल की हे काकाही फौजेत होते. तिनं माईकवरूनच बोलावलं, "काका, तुमी तिकडं काहून उभे? या ना, खुर्ची रिकामी हाय." मी जायला नको होतं. पण गेलो, बाबा. पाय आपोआप निघाले. बसलो, फूल घेतलं. नारळ हातात घेतो तोच मागून एक जण म्हणाला, "मॅडम, त्याईले माजी सैनिकाचं कार्ड दाखवाले सांगा ना." दुसरा म्हणाला, "भगोड्याचं कार्ड राह्यते काय बे?" लोक हसले. झेंडावंदन आहे म्हणून आवरून आवरून हसले, आणि तेच जास्त लागलं. नारळ खुर्चीवर ठेवून मी घरी आलो.

तुमची सून म्हणाली, "लोकाईच्या तोंडाले कोन लागते? जेवून घ्या." मी जेवलो नाही. दुसऱ्या दिवशी पेटीतलं पुस्तक काढलं आणि यवतमाळला गेलो. तिथं एक वकीलबाई आहे, माझ्या पोरीच्या वयाची, फौजी लोकांच्या केसेस नागपूरपर्यंत नेते. मी म्हणालो, बाई, मला पैसा नको, कार्ड नाही मिळालं तरी चालेल, फक्त हा शब्द बदलून पाहिजे. मरताना माझ्या नावापुढं हा शब्द नको. तिनं अर्ज करून करून माझी जुनी फाईल मिळवली. सात-आठ महिने गेले त्यात. मग एक दिवस बोलावून घेतलं आणि फाईल माझ्यासमोर उघडली, तर वरच तुमचं अक्षर.

"सदर इसमाचा कसून शोध घेतला असता तो आज रोजी गावच्या शिवेत मिळून आला नाही." खाली तुमची सही, दोन पंच, एकाची सही, एकाचा अंगठा. झेरॉक्स होती, तरी तुमच्या 'श'ची गाठ ओळखू आली. मी कागदावर हात ठेवला तर वकीलबाईला वाटलं वाचता येत नाही, तिनं वाचून दाखवला. मग म्हणाली, "काका, सारा घोळ याच्यातच हाय. सुट्टी संपून मानूस घरीच राह्यला तं ते गैरहजेरी. पोलीस धुंडाले आले आन् सापडला नाही तं तो फरारी. तुमाले शिक्षा फरारीची झाली. आपल्याले दाखवा लागन का तुमी घरीच होते. आता मले सांगा, तुमी परत काहून नाही गेले?"

साधा प्रश्न. तिच्या टेबलाशी टायपिंगवाला पोरगा होता, बाकावर दोन बाया आपला नंबर यायची वाट पाहत होत्या. सगळे माझ्याकडं पाहत होते.

आता तुम्हाला ठाऊक आहे तेच मी तुम्हाला सांगतो, कारण तुमच्याशिवाय ते कोणालाच ठाऊक नव्हतं. सुट्टी संपते. आर्णीच्या स्टँडवर तुम्ही मला यवतमाळच्या गाडीत बसवता, काळी पेटी स्वतः टपावर चढवता, कंडक्टरला सांगता, "फौजी हाय, नीट उतरवजो." यवतमाळहून धामणगाव, धामणगावहून रेल्वे, असा रस्ता. मी यवतमाळला उतरतो आणि स्टँडवरच्या बाकावर बसतो. धामणगावच्या गाड्या लागतात आणि जातात. प्रत्येक गाडीला मी उठून उभा राहतो आणि पुन्हा बसतो. दिवस कलला की आर्णीच्या गाडीत चढतो. तुम्ही कोठ्यात बैलाला ढेप चारत असता. पेटी पाहून म्हणता, "गाडी चुकली काय?" मी म्हणतो, "हाव." "उद्या जाय मंग." दुसऱ्या दिवशीही गाडी चुकते. तिसऱ्या दिवशी मी परत आलो तेव्हा तुम्ही कोठ्यातून उठून आले. पेटी माझ्या हातातून घेतली आणि आत नेऊन ठेवली.

चार दिवसांनी आपण दोघं शेतात तुराट्या बांधत होतो. मी म्हणालो, "मले भेव लागते, बाबा." तुम्ही वर पाहिलं नाही. "कायचं? थंडीचं का मरनाचं?" मी म्हणालो, "दोन्हीचं नाही. तिथं वर बर्फात गेलं का खालचं आन् वरचं एकच दिसते. सारं पांढरं. पाय कायच्यावर टाकून राह्यलो ते समजत नाही. झोपेतबी तेच दिसते." तुम्ही एक पेंढी बांधली, दुसरी बांधली. मग म्हणाले, "हे कोनाले सांगू नको. तुह्या मायलेबी नाही. मी नाही सांगत." आणि खरंच नाही सांगितलं. त्या साली कापूस नेहमीसारखा माझ्या खोलीत भरून ठेवला होता, छतापर्यंत पांढरी गंजी. मी ओसरीत झोपू लागलो होतो. शेतातून आल्यावर तुम्ही आईशी भांडून सगळा कापूस कोठ्याकडच्या खोलीत हलवला. उंदीर लागते म्हणाले. उंदीर कोठ्यातच जास्त होते. आई दिवसभर बडबडत होती.

लोक विचारायचे, पोरगा अजून घरीच? तुम्ही म्हणायचे, "माय आजारी हाय त्याची." आईला दमा होताच, त्यात खोटं काही नव्हतं. पुढचं लोक आपलं आपण जोडून घ्यायचे. तुमचं सगळं असंच होतं, बाबा. तुम्ही खोटं बोलायचे नाही, पण खरं किती बोलायचं ते बरोबर जाणायचे. वीस वर्षांची पाटीलकी, एका रिपोर्टात एक अक्षर इकडचं तिकडं नाही. बांधावरच्या भांडणात सख्ख्या साल्याच्या विरुद्ध लिहिलेला माणूस तुम्ही. मामा मग आठ वर्षं आपल्या घरी आला नाही, राखी पोष्टानं जायची.

मग ठाण्यातून शिपाई आला. त्याच्याजवळ माझ्या नावाचा कागद, आणि तो द्यायचा पोलीस पाटलाला, म्हणजे तुम्हाला. "सदर इसमाचा शोध घेऊन अहवाल सादर करावा." शिपायानं खाली मान घालून चहा प्याला. मी आतल्या खोलीत होतो आणि त्याला ते ठाऊक होतं. "पाटील, दोन दिसात पाठवा," म्हणून तो गेला. तुम्ही चष्मा पुसत बसले. खूप वेळानं मला बोलावलं. "उद्या बारा वाजता मी तुले गावभर धुंडनार हाय. तवा तू शिवेत दिसाले नाही पाह्यजे. नाल्याच्या पल्ल्याड जाऊन राह्य." मी विचारलं, "मंग काय होईन, बाबा?" तुम्ही म्हणाले, "काय होते? दोनतीनदा मिळून आला नाही म्हनून गेलं का नाव कमी करतीन. शायेत करतात तसं." तुम्हाला खरंच तसं वाटत होतं. शाळेत पोरगा आला नाही, मास्तरानं चौकशी केली, गावात नाही असं कळलं, हजेरीपुस्तकातून नाव कमी. फौजही तसंच एखादं हजेरीपुस्तक असेल, अशी तुमची समजूत होती. आणि मी पाच वर्षं फौजेत काढलेला माणूस. मला ठाऊक होतं की तसं नसतं. मी गप्प बसलो. हे पहिलं पाप माझं.

दुसऱ्या दिवशी मी नाल्याच्या पलीकडं पळसाखाली बसलो. तिथून अर्धं गाव दिसतं. बाराला तुम्ही निघाले. इस्त्रीचा कोट, पांढरी टोपी, मागं दोन पंच. मला वाटलं होतं, तुम्ही चावडीवर बसून लिहून टाकाल. पण नाही, तुम्ही मला धुंडायला निघाले होते. गावच्या वेशीत थांबले, देवळात वाकून पाहिलं, शाळेच्या मागं गेले. दारादारात उभं राहून विचारलं, "माहा पोरगा दिसला काय?" आदल्या संध्याकाळी माझ्याबरोबर पान खाणारी माणसं म्हणत होती, "नाही बा, पाटील." आपल्या स्वतःच्या घरात तुम्ही पंचांना घेऊन गेले. आईनं नंतर सांगितलं, तुम्ही धान्याच्या कोठीचं झाकणसुद्धा उघडून पाहिलं. शेवटी तुम्ही नाल्याच्या काठावर आले. गुडघाभर पाणी होतं मधे, दगड मारला तर पोचेल इतकं अंतर. तुम्ही माझ्याकडं सरळ पाहिलं. मी उठलो, आणि काय सांगू बाबा, सवयीनं सावधान उभा राहिलो. तुम्ही पंचांना विचारलं, "आपली शीव कुठवर?" "नाल्यावर, पाटील." "शिवेत दिसते कोनी?" "कोनीच नाही." "चाला मंग, लिहू."

घरी येऊन तुम्ही ताट बाजूला सारलं. आईनं विचारलं, पोट दुखते काय. तुम्ही म्हणाले, "खोटं नाही लिहिलं मी." कोणी विचारलंच नव्हतं.

पुढचा कागद आला त्यात माझ्या नावापुढं 'फरारी' होतं. तुम्ही तो शब्द दोनदा वाचला. हातातला कागद उलटा करून मागं काही लिहिलंय का तेही पाहिलं. दुसऱ्या दिवशी कोट घातला, पेटी उचलली, आणि या वेळी आर्णीच्या स्टँडवर थांबले नाही, माझ्याबरोबर गाडीत चढले. जन्मात नागपूरच्या पुढं न गेलेला माणूस दोन दिवस रेल्वेत बसून आला. दारावरच्या संतरीला तुम्ही म्हणाले, "हमारा लडका हाजिर करने लाया." तो संतरी तुमच्याकडं पाहतच राहिला. मग मला आत घेतलं, आणि तुम्ही गुरुद्वाऱ्यात पथारी टाकून बारा दिवस राहिले.

आत तुमचा कागद निघाला तो असा. साहेब म्हणाला, "गांव में नहीं था, तो कहां था?" मी म्हणालो, "जंगल में, साहब." "बाप को मालूम था?" "नहीं, साहब." खरं सांगितलं असतं तर, मी घरीच होतो आणि बापानं मला नाला ओलांडून उभं केलं असं म्हटलं असतं तर, कदाचित थोडक्यात सुटलो असतो. पण मग चौकशी गावापर्यंत गेली असती, तुमची पाटीलकी गेली असती. त्या वेळी ते माझ्या तोंडून निघेना. पाच वर्षांच्या नोकरीत बहादुरीचं म्हणावं असं मी तेवढंच केलं, बाबा. जवळच्या लोकांनाही कधी सांगितलं नाही, मनातल्या मनात मात्र मी त्याच्यावरच जगलो. लोक भगोडा म्हणायचे तेव्हा मी आत म्हणायचो, म्हणा लेकहो, मी माझ्या बापाचं नाव राखलं आहे.

आणि ते मी विकलं. वकीलबाईनं विचारलं, परत काहून नाही गेले, आणि माझ्या जिभेवर शब्द होता, भेव. दोन अक्षरं. टायपिंगवाला पोरगा पाहत होता, त्या दोन बाया पाहत होत्या. मी म्हणालो, "बाबानं जाऊ नाही देलं." बस. इतकंच वाक्य. पुढचं तिनं विचारलं आणि मी पुरवत गेलो. आई आजारी होती? होती. काका, तुम्ही निघाले होते? तीनदा निघालो. वडिलांनी अडवलं? अडवलं. रिपोर्ट त्यांनी तुम्हाला सांगून दिला? मी म्हणालो, "मले मालूमच नव्हतं." पोरगी हुशार आहे. तिनं पेन खाली ठेवलं आणि त्या बायांना बाहेर बसायला सांगितलं. मग म्हणाली, "काका, आनखी एक रस्ता हाय. बर्फात राहून आलेल्या लोकाईचं डोकं धसकते, ते आता कोर्ट समजून घेते. डॉक्टरचा कागद काढू. तसं काही असन तं सांगा. भेव लागनं काही गुन्हा नाही." इतकी चांगली संधी देवानं कोणाला दिली नसेल. खोलीत तिसरं कोणी नव्हतं. आणि मी काय म्हणालो? "भेव? मले? फौजी आहो मी, बाई."

प्रतिज्ञापत्र झालं. "अर्जदाराची हजर होण्याची इच्छा असताना वडिलांनी त्यास प्रतिबंध केला व आपल्या पदाचा वापर करून, अर्जदारास न कळवता, खोटा अहवाल दिला." मी वाचलं. सही केली. तुम्ही तीन दिवस माझी पेटी टपावर चढवली होती, आणि मी लिहून दिलं की तुम्ही मला अडवलं.

गेल्या महिन्यात निकाल लागला. बडतर्फ खोडून सेवामुक्त झालं. कार्डाचे नियम वेगळे आहेत, ते मिळेल न मिळेल, पण शब्द बदलला. निकाल इंग्रजीत आहे, वकीलबाईनं मराठीत उतारा करून दिला. तुमच्या नातवानं तो ओसरीत सगळ्यांसमोर वाचला, मोठ्या आनंदात, आणि वाचता वाचता त्या ओळीवर आला, की तत्कालीन पोलीस पाटलानं मुलाच्या मायेपोटी खोटा अहवाल दिल्याचं दिसतं. तुमची सून तुरीची डाळ निवडत होती. शेवटची दोन वर्षं तिच्या मामाजींचं, म्हणजे तुमचं, सगळं तिनंच केलं, उठवणं, बसवणं, नखं काढणं. तिचा हात थांबला. "मामाजीनं? मामाजीनं खोटं लिहिलं?" मी खाकरलो. ती पुन्हा खडे वेचू लागली. "तुमी सांगतलं असन तं खरंच असन," म्हणाली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

गावात गोष्ट पसरायला काय लागतं? दोन दिवसांनी तुमचा तो अंगठेवाला पंच काठी टेकत आला. दुसरा कधीच गेला, हा ऐंशीच्या पुढं आहे, कानांनी कमी, बाकी ठणठणीत. ओसरीवर बसला, पाणी प्याला. "झाला म्हनते तू सेवामुक्त. बेस झालं." मी म्हणालो, "हाव, काका." मग म्हणाला, "पन पाटलानं खोटं लिहिलं असं कागदात हाय म्हनते. माहा अंगठा हाय ना बे त्याच्यावर. मंग मीबी खोटा?" मी म्हणालो, "तसं नाही काका, ते कोर्टाचं बोलनं राह्यते." तो ऐकेना. "तू नाल्याच्या पल्ल्याड होता. पल्ल्याडची शीव आपली हाय काय? नाही. मंग खोटं काय त्याच्यात? पाटलानं मले दोनदा इचारलं, शिवेत दिसते कोनी? मी डोये फाडून पाह्यलं. नव्हतंच कोनी." बोलता बोलता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "असा नव्हता रे पाटील," म्हणाला. "तुले मालूम हाय ना?" मला मालूम आहे. या गावात आता आम्हा दोघांनाच मालूम आहे, आणि तो गेला की मी एकटा. मी त्याला चहा पाजला आणि घरापर्यंत पोचवून दिलं.

हे पत्र खरं म्हणजे तुम्हाला लिहून काही उपयोग नाही. हे वकीलबाईला द्यायला हवं. तिला दिलं, तिनं पुढं दिलं, तर तुमच्या नावापुढचा 'खोटा' हा शब्द जाईल आणि माझ्या नावापुढं तो जुना शब्द परत येईल. सकाळपासून तेवढाच विचार करतो आहे. यवतमाळची गाडी तीन वाजता फाट्यावरून जाते. आता सव्वातीन झाले आहेत, मी अजून इथंच बसलो आहे, आणि उद्या तरी त्या गाडीत चढेन असं तुम्हाला सांगवत नाही. झेंडावंदनाला मला पुन्हा खुर्ची ठेवणार आहेत. मी बसणार आहे.

आणखी एक. घरात मी सांगितलं आहे की त्या प्रतिज्ञापत्रावर सही करताना माझा हात कापत होता. तुमच्या सुनेला तेवढंच बरं वाटलं. हात कापत नव्हता, बाबा. वकीलबाईनं चहा सांगितला होता. तो यायच्या आधीच मी सही करून पेन परत दिलं, आणि मग चहा सगळा प्यालो.